नंबर टाकलेला संसार

मारोतराव नंदनवार बायजाबाईंच्या दिवंगत नवऱ्याच्या फोटोला हिरव्या ऑइलपेंटने ‘बा-६१’ असा नंबर टाकत होते, आणि नेमकी त्याच वेळी पायल दारात येऊन उभी राहिली. पायल ही बायजाबाईंची एकुलती एक मुलगी, म्हणजे फोटोतल्या गृहस्थांचीही. मारोतराव अठरा दिवसांनी तिचे सावत्र वडील होणार होते. अशा दोन माणसांची भेट कशी व्हावी याचा काही नियम नाही, पण ती अशी होऊ नये एवढं कोणीही सांगेल.

मारोतरावांची बाजू घ्यायची तर नंबर फोटोवर नव्हता, चौकटीवर होता, तोही खालच्या कोपऱ्यात. शिवाय नंबर टाकण्यापूर्वी त्यांनी फोटो ओल्या फडक्याने पुसला होता आणि हात जोडून नमस्कार केला होता. पायलला यातलं काहीच दिसलं नाही. तिला ब्रश दिसला.

या प्रसंगाला मारोतरावांची नोकरी कारणीभूत होती. वीज केंद्रांच्या भांडारात त्यांनी चौतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची नऊ मौद्याला. नोंद झाल्याशिवाय त्यांच्या भांडारातून साधा नट बाहेर पडला नाही. एकदा मुख्य अभियंत्यांची छत्री चुकून आत राहिली, तर ती परत न्यायला साहेबांना गेट पास करावा लागला. निरोपसमारंभात ही गोष्ट तीन जणांनी हसत हसत सांगितली. त्यात हसण्यासारखं काय आहे हे मारोतरावांना आजही कळलेलं नाही.

बायजाबाई गजभिये नागपूरच्या सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. दोन वर्षांपूर्वी बँकेत हयातीचा दाखला द्यायच्या रांगेत त्या मारोतरावांच्या पुढे होत्या. तीस वर्षं औषधी साबणाने हात धुऊन धुऊन त्यांच्या अंगठ्याच्या रेषा गेल्या होत्या, त्यामुळे मशीन त्यांना जिवंत मानायला तयार नव्हतं. मारोतरावांनी खिशातून व्हॅसलीनची डबी काढली. डबीवर कंपनीने छापलेलं नाव होतंच, पण त्याच्या खाली मारोतरावांनी स्वतःच्या अक्षरात पुन्हा ‘व्हॅसलीन’ अशी चिठ्ठी चिकटवली होती. बायजाबाईंना हसू आवरेना. हसता हसता अंगठा टेकला आणि मशीनने तो घेतला. पुढच्या नोव्हेंबरात दोघं एकाच ऑटोने बँकेत गेले.

मारोतराव कोष्टी, बायजाबाई बौद्ध. पण या आंतरजातीय लग्नाला दोन्ही घरांतून कोणाचीच हरकत नव्हती, आणि याबद्दल दोन्ही घरांना स्वतःचं फार कौतुक होतं. हरकत होती ती प्लॉटला. मारोतरावांचा मुलगा वैभव म्हणाला, “बाबा, जात-बित आपण मानतच नाही. फक्त तो उमरेड रोडचा प्लॉट तेवढा क्लिअर करून घ्या.” तिकडे पायलने आईला मिठी मारून सांगितलं की तुझ्या सुखातच माझं सुख आहे, आणि मिठी सोडता सोडता जरीपटक्याच्या घराचे कागद कुठल्या कपाटात आहेत तेही विचारून घेतलं.

मग वैभवच्या ओळखीच्या वकील अपेक्षाताई यांच्याकडे सगळे गेले. त्यांनी शांतपणे समजावलं की लग्नाआधीचे करारबिरार आपल्याकडे कोर्टात फारसे टिकत नाहीत. घरं ज्याच्या त्याच्या नावावर राहू द्या, मृत्युपत्रं लग्नानंतर करा, आणि घरातल्या सामानाची एक यादी बनवून दोघांनी सही करून ठेवा, म्हणजे उद्या मुलांमध्ये भानगड नको. एवढ्या सगळ्या सल्ल्यातला मारोतरावांनी एकच शब्द ऐकला. यादी. पाच वर्षं घरी बसून कंटाळलेल्या माणसाला कोणी कामावर परत बोलवावं तसे ते खुर्चीत ताठ झाले.

सुरुवात त्यांनी गोळीबार चौकातल्या स्वतःच्या घरापासून केली. लाल ऑइलपेंटचा डबा आणला आणि दिवाणखान्यातल्या पंख्यावर ‘मा-१’ टाकला. वैभव आणि त्याची बायको प्रणाली पहिल्या दिवशी कौतुकाने बघत होते. सोफा ‘मा-९’ झाला, टीव्ही ‘मा-१०’, फ्रीज ‘मा-१७’. तिसऱ्या दिवशी मारोतराव ब्रश घेऊन त्या दोघांच्या खोलीत शिरले.

“बाबा, हा पलंग आमच्या लग्नातला आहे,” वैभव म्हणाला.

“हाव. पावती कोणाच्या नावाची हाय?”

पावती मारोतरावांच्या नावाची होती आणि फाइलीत होती. कपाटाचीही होती, एसीचीही होती, दारातल्या गाडीची तर दोन ठिकाणी होती. बरंच शोधल्यावर प्रणालीच्या माहेराहून आलेला मिक्सर आणि केस सरळ करायचं यंत्र एवढ्या दोन वस्तू बिननंबरी राहिल्या. प्रणालीने त्या रात्री ताटं आपटूनच वाढली. वैभवने तिला समजावलं की लिहू दे त्यांना, जाऊन जाऊन सामान जाणार कुठे? शेवटी आपल्याकडेच येणार.

लग्नाची नोटीस देऊन बारा दिवस झाले होते. बायजाबाई भाच्याच्या लग्नासाठी चार दिवस कुहीला निघाल्या आणि घराची किल्ली मारोतरावांकडे देऊन गेल्या. कूलरच्या वाळ्याच्या ताट्या बदलून घ्या आणि कुंड्यांना पाणी घाला, एवढंच काम होतं. मारोतरावांनी ते पहिल्या दिवशी अकरापर्यंत उरकलं. मग त्यांनी रिकाम्या घरात इकडेतिकडे पाहिलं. बायजाबाई परत येतील तेव्हा त्यांना बोटही हलवावं लागू नये, इतक्या चांगल्या मनाने त्यांनी हिरव्या रंगाचा डबा आणला. हिरवा अशासाठी की लालशी गोंधळ नको.

दोन दिवसांत बाहेरची खोली उरकली. पावत्यांची पिशवी स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला होती, त्यामुळे अडचण आली नाही. अडचण तिसऱ्या दिवशी सकाळी भांड्यांच्या मांडणीपाशी आली. स्टीलच्या भांड्यांवर नावं कोरलेली असतात हे मारोतरावांना माहीत होतं. पण बायजाबाईंच्या मांडणीत तेवीस भांड्यांवर बायजाबाईंचं नाव नव्हतंच. एका पातेल्यावर ‘रुख्माबाई’ होतं, दोन डब्यांवर ‘मयुरा’, एका झाऱ्यावर कुणा ‘रामाजीकडून सप्रेम भेट’. आपल्या भांडारात दुसऱ्याचा माल निघाला तर चौकशी बसते, हे चौतीस वर्षं मनावर घेतलेला माणूस घामाघूम झाला. त्याने वहीची पानं फाडून तेवीस गेट पास लिहिले आणि पातेलं घेऊन समोरच्या घरी गेला.

“हा गंज काहून परत करून राहिले जी?” रुख्माबाईंनी पातेलं हातात घेत विचारलं. “बायजानं सांगितलं काय?”

“नाही. लग्नाआधी ज्याचं त्याले देऊन मोकळं व्हावं म्हणतो. इथं सही करा. आन बायजाबाईच्या नावाचे दोन डबे तिकडं फळीवर दिसून राहिले, ते बी द्या.”

रुख्माबाईंनी एका डब्यातली तूरडाळ वर्तमानपत्रावर ओतली, दुसऱ्यातले पोहे परातीत ओतले आणि डबे त्यांच्या हातात दिले. सहीही केली. अशी मारोतरावांनी सगळी गल्ली केली. कोणाची साखर उघड्यावर आली, कोणाच्या कुकरमध्ये डाळ शिजत होती तर मारोतराव शिट्ट्या होईपर्यंत ओट्यावर बसून राहिले. दुपारपर्यंत सगळा माल आपापल्या जागी लागला. त्यांना फार बरं वाटलं.

गल्लीला बरं वाटलं नाही. भांडीकुंडी परत मागवली म्हणजे बायजाबाई घर विकून चालल्या, असं आधी ठरलं. मग कोणीतरी शंका काढली की बायजा तर कुहीला आहे, तिला हे माहीत आहे का? या शंकेनंतर म्हाताऱ्याबद्दल जे बोललं गेलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मयुराने पायलला ऑफिसात फोन केला आणि सांगितलं की तुझ्या आईचं घर एक काका भरून नेत आहेत. पायल अर्धी रजा टाकून स्कूटीवरून आली आणि तिला फोटोपुढे ब्रश घेऊन उभे असलेले मारोतराव दिसले.

“काका, हे काय करून राहिले तुम्ही?”

“यादी,” मारोतराव म्हणाले. या उत्तराने माणसाचं समाधान व्हावं अशी त्यांची खरोखर अपेक्षा होती.

पायलने आधी आईला फोन लावला, मग वैभवला. वैभवने सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला की बाबांनी प्लॉटचे कागद तर तिकडे आणले नाहीत ना.

बायजाबाई लग्नघरातून नव्या साडीनिशी निघाल्या आणि दोनच्या सुमाराला गल्लीत शिरल्या. दारांदारांतून बायका त्यांच्याकडे बघत होत्या, पण एकीनेही हाक मारली नाही. असं तीस वर्षांत झालं नव्हतं. घरात आल्यावर पायलने त्यांना हाताला धरून फोटोपुढे नेलं. बायजाबाईंनी चष्मा लावून नंबर वाचला.

“सुबक टाकला,” त्या म्हणाल्या.

“आई, अगं बाबांच्या फोटोवर नंबर!”

“त्यांले काही नाही होत. जिवंतपणी बी त्यांनी कायले हरकत घेतली नाही.”

मारोतरावांचा जीव भांड्यात पडला. तो फार वेळ तिथे राहिला नाही, कारण बायजाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि मांडणीसमोर थांबल्या. एक वाटी उचलून तिच्यावरचं नाव वाचलं. एक डबा वाचला. मग खाली जमिनीवरच बसल्या.

“सगळ्याइवर माहंच नाव,” त्या म्हणाल्या. “मारोतराव, तीस वर्षांत माहे सगळे भांडे एका दिवशी माह्या घरात कधीच नव्हते. कोणाकडे भाजी गेली, कोणाकडून खीर आली. रिकामं भांडं कोणी परत करत नाही, म्हून ते फिरतच राहते. पायलचे बाबा गेले तेव्हा पंधरा दिवस माही चूल पेटली नाही, पण मी उपाशी नाही राहिली. तुम्ही एका सकाळी सगळं मिटवून टाकलं. आता उद्या मी कोणाच्या घरी काय म्हून जाऊ?”

हातातला ब्रश कुठे ठेवावा हेही मारोतरावांना सुचेना.

“मले तुमचं काहीच नको होतं,” ते म्हणाले. “ते लिहून राहावं म्हून यादी केली.”

“मले वाटलं होतं तुम्हाले काही तरी पाहिजे असन.” बायजाबाईंचा आवाज चढला नाही, आणि म्हणूनच मारोतरावांना जास्त भीती वाटली. “राहू द्या. हे लग्न मले नाही जमत.”

पायलला हेच ऐकायचं होतं असं तिला इतका वेळ वाटत होतं. पण आई तिथे जमिनीवर बसलेली, आणि घरभर नंबर टाकून थकलेला हा माणूस दारात पोरासारखा उभा. तिला दोघांचंही वाईट वाटलं, आणि आपल्याला वाईट वाटतंय याचा रागही आला. मारोतराव मात्र एकदम हलले. त्यांनी ब्रश रॉकेलच्या डब्यात टाकला, हात धुतले आणि तांदळाचा डबा कुठे आहे असं पायलला विचारलं.

त्यांना एकच पदार्थ येत होता. मौद्याच्या क्वार्टरात एकट्याने राहून शिकलेली खिचडी. त्यांनी ती घरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात टाकली. पायलने रागारागाने का होईना कांदे चिरून दिले. खिचडी थोडी लागली, मीठही अंदाजानेच पडलं. ती त्यांनी बायजाबाईंच्या तेवीस भांड्यांत भरली, डोक्याला दुपट्टा गुंडाळला आणि एप्रिलच्या त्या रणरणत्या उन्हात, जेव्हा नागपुरात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, ते समोरच्या दारी जाऊन उभे राहिले.

“गेट पास कुठं हाय?” रुख्माबाईंनी विचारलं.

मारोतरावांनी सांगितलं की गेट पास नाही, चूक झाली. रुख्माबाईंनी त्यांना पाच मिनिटं उन्हात उभं ठेवलं. मग आत बसवलं, पन्हं दिलं आणि झाला प्रकार पहिल्यापासून सांगायला लावला. पुढच्या घरीही तेच. प्रत्येक घरात त्यांना आपला गाढवपणा सुरुवातीपासून सांगावा लागला, आणि सहाव्या-सातव्या घरापर्यंत तो सांगायची त्यांना चांगली सवय झाली. बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. कोणी खिचडी चाखून बघितली आणि हसू आणखी वाढलं. पण कोणीही त्यांना रिकाम्या हाताने सोडलं नाही. सकाळी सही करून घेतलेली भांडी आता भरून परत येत होती. कैरीचं लोणचं आलं, शेवया आल्या, ज्वारीच्या पापड्या आल्या, आणि एकीने तर भांडं सापडेना म्हणून अर्धं टरबूज हातात दिलं.

उन्हं कलायला लागली तेव्हा ते परतले. बायजाबाई अजून स्वयंपाकघरातच होत्या. त्यांनी लोणच्याचा डबा उचलला. त्यावर ‘मयुरा’ नाव होतं, पण मयुराच्या घरी लोणचं घालत नाहीत हे त्यांना माहीत होतं.

“हे कोणी दिलं?”

“मले नाही माहीत.”

“म्हणजे?”

“लिहून नाही घेतलं,” मारोतराव म्हणाले.

बायजाबाईंनी डब्याचं झाकण उघडलं. माल आत आला आणि या माणसाने नोंद केली नाही. त्याच्या आयुष्यात हे पहिल्यांदा घडत होतं, आणि ते कोणासाठी घडलं हे कळायला काही शिकावं लागत नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लपवायला त्यांनी लोणच्याची फोड तोंडात टाकली.

“रुख्माचं हाय,” त्या म्हणाल्या. “मीठ तिचंच इतकं जास्त असते.” आणि त्या चहा ठेवायला उठल्या. लग्नाचं पुढे काय, असं विचारायची हिंमत कोणी केली नाही, पण पहिला कप मारोतरावांना मिळाला.

या सगळ्या वेळात वैभवही येऊन पोचला होता आणि बाहेरच्या खोलीत पायलबरोबर यादी वाचत बसला होता. दोघं एकमेकांना फारसे ओळखत नव्हते. वकिलांकडे तर दोन टोकांच्या खुर्च्यांवर बसले होते. पण यादीच्या शेवटी ‘बाहेर वापरास दिलेल्या वस्तू’ असं एक वेगळं पान होतं. त्यावर ‘बा-६२, वॉशिंग मशीन, सध्या पायलकडे’ असं होतं, खाली ‘बा-६३, सोन्याच्या पाटल्या, दोन, सध्या पायलकडे’. वैभवने आपल्या वडिलांची यादी मोबाइलवर उघडून तिला दाखवली. दहा मिनिटांत दोघांचं पूर्ण एकमत झालं.

मारोतराव चहा संपवून बाहेरच्या खोलीत आले, मागोमाग बायजाबाईही आल्या. मारोतरावांनी यादी उचलली. हिच्यामुळेच सगळं झालं, असं म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांत आडवी धरली.

“फाडा काका,” पायल म्हणाली.

“हो बाबा, फाडून टाका. दोन मनं जुळली, यादी कशाला पाहिजे?” वैभव म्हणाला.

बायजाबाईंनी तीस वर्षं वॉर्डात काढली होती. पेशंटच्या खाटेभोवती उभ्या नातेवाइकांपैकी कोण खरं रडतो आणि कोण किल्ल्या शोधतो, हे त्यांना लांबूनही कळायचं. त्यांनी चहाची कपबशी खाली ठेवली आणि यादी मागून घेतली. तीन पानं त्या सावकाश वाचत गेल्या. पंखा, कूलर, खाट, शिवणमशीन, दाराची लोखंडी जाळी, गच्चीवरची टाकी. प्रत्येक पावतीवर त्यांचंच नाव. तीस वर्षं त्या या घराला ‘पायलच्या बाबांचं घर’ म्हणत आल्या होत्या आणि तसं नाही हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. शेवटच्या पानावर त्या थांबल्या.

“पायल, ही मशीन माही हाय?”

“आई, तूच तर दिली होतीस.”

“वापराले दिली होती. इथं लिहिलं हाय.” बायजाबाईंनी मारोतरावांकडे हात केला. “पेन द्या जी. सही कुठं करू?”

त्यांनी तिन्ही पानांवर सही केली. मारोतरावांनी केली. मग वकीलबाईंनी दोन साक्षीदार लागतील असं सांगितल्याचं बायजाबाईंना आठवलं, आणि साक्षीदार तर घरातच बसले होते. पायलने पाटल्यांच्या हाताने सही केली. वैभवने पेन दोनदा झटकलं, पण शाई होती.

लग्न ठरल्या दिवशी झालं. गल्लीतल्या सगळ्या बायका नोंदणी कार्यालयात आल्या होत्या आणि साहेबांनी त्यांना बाहेर थांबायला सांगितलं तरी आतच थांबल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी वैभव टेम्पो घेऊन जरीपटक्यात आला. बाबांचं सामान इकडे कधी हलवायचं, एवढंच त्याला विचारायचं होतं. त्याने रात्रभर प्रणालीबरोबर हिशेब केला होता की काय काय गेलं तर चालेल आणि काय गेलं तर नवीन घ्यावं लागेल.

“टेम्पो कायले आणला बाबू?” बायजाबाई म्हणाल्या. “सामान राहू दे तिथंच. वापरा तुम्ही. मी येत जाईन अधूनमधून पाहाले.”

वैभव रिकामा टेम्पो घेऊन परत गेला. त्याच आठवड्यात पायल आईचे कपडे धुवायला न्यायला येऊ लागली, आईने काही म्हटलं नव्हतं तरी. आणि शनिवारी प्रणालीचा फोन आला. आजवर ती ‘काकू’ म्हणायची. त्या दिवशी तिने ‘आई’ म्हटलं. रविवारी जेवायला या, भाजी तुमच्या आवडीची कोणती करू, वैभव गाडी घेऊन येईल, बसमध्ये धक्के खात येऊ नका, असं ती बराच वेळ बोलत होती.

बायजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं, हो म्हटलं आणि फोन ठेवला.

“सून लय चांगली हाय जी तुमची,” त्या मारोतरावांना म्हणाल्या.